‘रणात उतरा!’ म्हणाले, आणि लोक उतरले

तुम्ही कधी स्वतःच्या घोषणेत रुतून बसला आहात का? मी बसले आहे. मागच्या दोन्ही चाकांसकट, भर अभयारण्यात, सकाळी पावणेअकरा वाजता, साक्षीदारांसमोर.

आता घोषणा माझ्या अंगात आली कुठून, ते सांगते. माझे बाबा बडोद्याच्या एका कारखान्यात फिटर होते आणि उरलेल्या वेळात (म्हणजे बहुतेक वेळ) युनियनची पत्रके लिहायचे. घडियाळी पोळ नावाच्या गल्लीतल्या आमच्या दोन खोल्यांत, इतरांकडे जिथे देव असतात तिथे पत्रकांचे गठ्ठे होते. (देवही होते. गठ्ठ्यांच्या मागे.) मी अक्षरे शिकले ती त्या पत्रकांवर. बालवाडीत बाईंनी विचारले, “क कशाचा?” मी म्हणाले, “कामगारांचा!” “आणि म?” “मागण्यांचा!” बाईंनी ‘भ’ विचारलाच नाही. त्यांचे यजमान मॅनेजर होते.

माझे नावही बाबांनीच ठेवले: क्रांती. सासूबाई खुशीत असल्या की क्रांती म्हणतात. रागावल्या की आधी ‘सं’ लावतात.

माझा नवरा मंदार घोषणा देत नाही. तो स्क्रू पिळतो. एका पंपांच्या कारखान्यात दिवसभर पिळतो आणि घरी येऊन हौसेने पुन्हा पिळतो. लग्नाआधी मी त्याला जे पहिले पत्र लिहिले त्यात सात प्रमुख मागण्या होत्या. त्याने खाली ‘मान्य’ असे लिहून सही करून परत पाठवले. असा माणूस सोडतात का?

तर या मंदारने अकरा महिने खपून एका म्हाताऱ्या स्कूल व्हॅनची राहण्याजोगी गाडी केली. मकरपुऱ्यात मित्राच्या शेडमध्ये रोज संध्याकाळी ठोकाठोक चालायची. दिवसा सोफा आणि रात्री पलंग. दोन शेगड्यांचा ओटा. साठ लिटरची पाण्याची टाकी. छतावर सौर पॅनल, त्यावर चालणारा पंखा. बाजूला ओढून बाहेर काढायची कनात, तिचे कापड लहरीपुऱ्यातून तीन खेपा घालून निवडलेले. मसाल्याच्या डब्यांना खालून चुंबक, म्हणजे गाडी उतारावर आली तरी हळद जागची हलत नाही! आणि मागच्या कोपऱ्यात एक छोटेसे शौचालय, ज्याबद्दल मंदार आमच्या लग्नाच्या फोटोंपेक्षा जास्त अभिमानाने बोलतो.

ही नुसती हौस नव्हती. मंदारला नोकरी सोडून अशाच गाड्या बनवायच्या होत्या. त्यासाठी हवे होते एक गिऱ्हाईक. फक्त पहिले. आणि ते मिळालेही होते: आमच्या ओळखीचे अरविंदकाका. बँकेतून निवृत्त, स्वभावाने संशयी, आणि जन्मभर मराठी शेजाऱ्यांत राहिल्यामुळे मराठी फर्डे बोलणारे. काकांनी शेडमध्ये येऊन गाडीला दोन्ही बाजूंनी टिचक्या मारल्या आणि अट घातली.

“मंदार, शेडमध्ये तर सगळ्याच गाड्या सारी दिसतात. वाळवंटात घेऊन जा. शनिवारी मी पाटडीला असणार, संध्याकाळी तुझ्या मंजूकाकीच्या भाच्याचं लग्न आहे. अकरा वाजता रणाच्या काठाला येतो. तिथे गाडी बघणार. एक स्क्रू ढिला दिसला ने, तर आपली वात पूरी!”

सारी म्हणजे छान, आणि वात पूरी म्हणजे विषय संपला. मंदार त्या दिवशी घरी येऊन मला एवढेच म्हणाला, “क्रांती, काकांनी हो म्हटलं तर नोकरी सोडतो. नाही म्हटलं तर गाडी विकतो आणि साठाव्या वर्षापर्यंत पंप जोडतो. पुन्हा हा विषय काढणार नाही.”

मंदारच्या तोंडून एका दमात निघालेले ते सर्वांत लांब भाषण होते. मी हेलावून गेले. आणि मी हेलावले की काय करते? लिहिते!

बेत असा ठरला: सहा दिवस, तीन अभयारण्ये, सगळी वाळवंटातली. आधी छोट्या रणात घुडखर बघायचे (म्हणजे रानगाढवे, पण रानगाढव म्हटले की ती रागावल्यासारखी दिसतात). शनिवारी काकांना गाडी दाखवायची. मग कच्छमधले चिंकारे आणि तिथून थेट जैसलमेरकडची वाळू. मी इतकी खूश होते की आठवडाभर आधीच टोपी घालून भाजी चिरत होते.

पण माझ्यासारखी बाई वाळवंटात नुसती मजा करायला जाणार? तिथे लोक प्लास्टिक टाकतात! त्याविरुद्ध कुणीतरी उभे राहायला नको? आणि मंगळवारी सकाळी, दात घासता घासता, मला ती घोषणा सुचली. मराठीत रण म्हणजे युद्धभूमी. गुजरातीत रण म्हणजे वाळवंट. एका शब्दात दोन्ही! मी ब्रश तोंडात ठेवूनच ओरडले, “हणाह उहहा!”

“काय?” मंदार धावत आला.

मी चूळ भरली. “रणात उतरा!”

त्याच दिवशी पाचशे पत्रके छापायला टाकली. ज्यांच्याशी बोलायचे त्यांच्या भाषेत बोलावे, हे बाबांचे तत्त्व, म्हणून मी ती स्वतः गुजरातीत लिहिली. मला गुजराती उत्तम येते. फक्त घोषणा मराठीत सुचतात, हा एक बारीक दोष आहे. पत्रकात ठळक अक्षरांत होते: ‘कांठे ऊभा रहीने जोशो नहीं! रणमां ऊतरो!’ म्हणजे, काठावर उभे राहून बघत बसू नका, रणात उतरा! आणि हेच शब्द मी एका मोठ्या प्लायवुडच्या पाटीवर हिरव्या रंगात रंगवले आणि ती पाटी आमच्या पांढऱ्या गाडीच्या मागच्या बाजूला लावली. अख्ख्या गाडीत मी स्वतःच्या हाताने बसवलेला तो एकच भाग.

मंदारने पाटी दोनदा वाचली.

“क्रांती, गुजरातीत याचा अर्थ खरंच ‘रणात उतरा’ असा होतो.”

“मग? बरोबरच आहे की.”

“नाही, म्हणजे... पायाने. गाडीने. त्या रणात.”

“श्लेष आहे, मंदार!”

“तो लोकांना कळेल का?”

“जनतेला कमी लेखू नकोस!” मी म्हणाले.

शुक्रवारी पहाटे खंडेराव मार्केटातून भाजी उचलली आणि निघालो. काय सांगू तो आनंद! घर मागून चालत येतेय असे वाटायचे. विरमगामच्या अलीकडे गाडी बाजूला घेतली, मी पोहे केले, मंदारने कनात ओढून दाखवली आणि रस्त्याने जाणारे तीन ट्रकवाले खाली उतरून शौचालय बघून गेले. मंदारचा चेहरा नवरदेवासारखा फुलला होता. (आमच्या लग्नात एवढा फुलला नव्हता, तेव्हा स्टेजचा एक खांब हलत होता आणि त्याचे लक्ष त्यातच होते.)

शनिवारी सकाळी परवाना काढून रणातल्या ठरलेल्या मातीच्या वाटेने फेरी मारली आणि घुडखर दिसले! वीस-बावीस जणांचा कळप. बदामी पाठी, पांढरी पोटे, आणि धावायला लागले की खालची जमीन चमकते आणि ते पाण्यावरून पळताहेत असे वाटते. मी आनंदाने मंदारचा दंड इतका दाबला की त्याने चुकून हॉर्न वाजवला. मग साडेदहाला परत काठावर येऊन थांबलो. काका येईपर्यंत अर्धा तास होता. मंदार एकेक स्क्रू तपासत होता. मी काठावरच्या चहाच्या टपरीवर तीस पत्रके वाटून आले होते, उरलेले गठ्ठे मागच्या दाराशी रचलेले होते. सगळे जागच्या जागी होते.

आणि तेवढ्यात मला ती पिशवी दिसली.

निळी प्लास्टिकची पिशवी. वाटेपासून दोनेकशे पावलांवर, रणात, एकटीच लोळत होती.

“मंदार! ती बघ!”

“हं.”

“ती एखाद्या घुडखराने खाल्ली तर?”

“चालत जाऊन आण.”

मी चालू लागले. पिशवी उडाली. मी धावले. ती आणखी पुढे गेली. माझ्याशी खेळत होती! मी धापा टाकत परत आले. “गाडी काढ.”

“वाट सोडून? खाली चिखल असेल क्रांती, पाऊस उशिरापर्यंत होता. आणि काका पंधरा मिनिटांत येतील.”

“वर बघ, किती कोरडं आहे! आणि आपण गाडीवर काय लिहिलंय?”

“तू लिहिलंयस.”

“माणसाने लिहावं एक आणि करावं एक? आपणच काठावर उभे राहून बघायचं?”

मंदारने एकदा घड्याळाकडे पाहिले, एकदा माझ्याकडे. मग तो स्टिअरिंगवर बसला. ‘मान्य’ लिहून सही करणारा माणूस शेवटी!

छोट्या रणाची जमीन डिसेंबरात कशी असते, ते आता मी तुम्हाला अधिकाराने सांगू शकते. वरून भाजलेला पापड. खाली पिठले. आम्ही शंभरेक पावले झकास गेलो. मग पापड मोडला.

गाडी मागच्या बाजूने खाली बसली, अगदी सोफ्यावर टेकावे तशी. मंदारने गिअर टाकला. चाके फिरली, चिखल उडाला आणि गाडी आणखी आरामात बसली. पिशवी समोरून गेली.

“उतर आणि धक्का दे,” मंदार म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. तेच फार लागले.

धक्का द्यायला मी मागे गेले. पकड मिळावी म्हणून मागच्या दाराचा दांडा धरला. दार उघडले. वारा होताच. प्लास्टिकच्या कचऱ्याविरुद्ध छापलेली चारशे सत्तर पत्रके अभयारण्यात कचरा होऊन उडाली!

पांढरी, फडफडती, शिस्तीत पसरणारी चारशे सत्तर पत्रके! लांब उभ्या एका घुडखरापर्यंत एक पोहोचले. त्याने ते हुंगले, मान फिरवली आणि चालू लागला. बाबांच्या काळापासून बहुतेक वाचकांची प्रतिक्रिया हीच आहे.

मी पत्रकांमागे धावत असतानाच हॉर्न ऐकू आला. वळून पाहते तर एक मोठी जीपगाडी वाट सोडून थेट आमच्याकडे येत होती! मी दोन्ही हात हलवून ओरडले, “नका! नका येऊ!” आतल्या मंडळींनीही दोन्ही हात आनंदाने हलवले. पापड मोडला. जीपगाडी आमच्यापासून वीस पावलांवर टेकली.

सुरतचे कुटुंब होते. आजी, आजोबा, मुलगा, सून, दोन नातवंडे. मुलगा खाली उतरला, घोट्यापर्यंत चिखलात गेला आणि हसतच म्हणाला, “साहेब, आता प्राणी कुठून दिसणार?”

“कोण साहेब?”

“तुमची सरकारी गाडी आहे ना?” त्याने आमच्या गाडीकडे बोट केले. पांढरी गाडी. हिरवी अक्षरे. वनखात्याची असते तशीच. “आणि टपरीवर कागद पण मिळाला.” त्याने खिशातून माझे पत्रक काढले आणि आजोबांनी ते मोठ्याने वाचले, “कांठे ऊभा रहीने जोशो नहीं. रणमां ऊतरो!” मग चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाले, “ऊतर्या.”

उतरलो! जनतेला कमी लेखू नये ते यासाठी. जनता सांगितलेले करते.

मी तोंड उघडणार एवढ्यात मंदारने माझा हात धरला. काठाकडून आणखी एक गाडी येत होती. राखाडी रंगाची, हळू, संशयी. बडोद्याचा नंबर. अकराला दोन मिनिटे कमी होती. वक्तशीर माणूस!

“काका, थांबा!” मंदार आयुष्यात पहिल्यांदा ओरडला. त्याला सवय नसल्यामुळे आवाज निघालाच नाही.

पापड.

दार उघडले ते काकींच्या बाजूचे. मंजूकाकी पाटडीच्या. लग्नासाठी जरीची साडी नेसलेल्या, हातात गजऱ्याची पुडी. “मी पाटडीची आहे!” त्या बाहेर पडण्याआधीच म्हणत होत्या. “जन्म माझा या रणाच्या काठावर झाला! मी सांगत होती, आत नको, आत नको! तर हे म्हणतात, सरकारनं लिहिलंय!”

अरविंदकाका दुसऱ्या बाजूने उतरले. एक बूट चिखलात राहिला. एका पायावर उभे राहून त्यांनी आधी पाटी वाचली, मग गाडीची बुडालेली चाके बघितली, मग मंदारकडे बघितले.

“ही सरकारची गाडी नाही?”

“नाही काका. ही तीच. तुम्ही बघायला आलात ती.”

संशयी माणूस गप्प झाला की वात पूरी व्हायला किती वेळ लागतो, याचा मी हिशेब करू लागले. मंदारच्या साठाव्या वर्षापर्यंतचे सगळे पंप माझ्या डोळ्यांपुढून गेले. एकेक करून. मी पिशवी उचलायला आले होते आणि त्याची अकरा महिन्यांची मेहनत चिखलात घालून बसले होते.

मग आले जीवणभाई, वनखात्याचे गार्ड. त्यांनी मोटारसायकल वाटेवर लावली (अनुभव!) आणि चालत आले. वाटेत दहा-बारा पत्रके उचलली. तीन रुतलेल्या गाड्या मोजल्या. मग विचारले, “रणमां ऊतरवानुं कोणे कीधुं?”

उतरायला कुणी सांगितले? नऊ बोटे माझ्याकडे वळली. त्यात एक मंदारचे होते.

“तमे नवरा छो?” जीवणभाईंनी मंदारला विचारले. गुजरातीत नवरा म्हणजे रिकामटेकडा. मंदारचा जन्म बडोद्याचा, त्याला अर्थ पुरता ठाऊक. पण हरलेला माणूस मातृभाषेत ऐकतो. तो खाली मान घालून म्हणाला, “हो. हिचाच.”

जीवणभाईंनी फोन लावला. जवळच्या मिठागरावरून ट्रॅक्टर येणार होता, पण ते लोक कामात होते. तीन तास तरी लागतील, म्हणाले. तीन तास! वर ऊन, चारी बाजूंना सपाट पांढरी जमीन, सावलीला एक झाडही नाही. सुरतच्या आजींनी पाणी मागितले. त्यांच्या गाडीतल्या बाटल्या संपल्या होत्या. धाकटा नातू कमरेत वाकून आईच्या कानात काहीतरी अत्यंत तातडीचे सांगत होता.

आणि तेव्हा मंदार हलला.

त्याने कनात ओढली. खटक! सावली पडली. चार घडीच्या खुर्च्या काढल्या, आजींना बसवले, टाकीचा नळ सोडून गार पाणी दिले. नातवाला उचलून मागच्या कोपऱ्यातल्या त्या ऐतिहासिक दारातून आत सोडले. दोन मिनिटांनी मूल बाहेर आले ते असा चेहरा घेऊन, की अरविंदकाका उठून स्वतः आत गेले. बराच वेळ आत होते. आतून टिचक्यांचा आवाज येत होता.

मी ओट्यापाशी उभी राहिले. तोंड बंद ठेवले (नोंद घ्या!) आणि अकरा माणसांचा चहा टाकला. मग खंडेराव मार्केटमधल्या भाजीची खिचडी. गाडी मागच्या बाजूने एवढी कललेली, पण हळदीचा डबा जागचा हलला नाही. काकी माझ्या मागून बघत होत्या.

“आ डब्बो पडतो केम नथी?”

“खाली चुंबक आहे, काकी.”

काकींनी तो डबा उचलला. ठेवला. पुन्हा उचलला. मग शेजारचा जिऱ्याचा. मग त्यांनी पलंगाच्या गादीवर हात दाबून बघितला, पंखा लावला आणि जरीची साडी सावरून आडव्या झाल्या. पाच मिनिटांत घोरू लागल्या! बाहेर त्यांचे यजमान एका बुटावर खिचडी खात होते.

मला मात्र जीवणभाईंनी खुर्ची दिली नाही. “बेन, कागळ.” मी रणात फिरून माझीच पत्रके वेचत होते. सुरतची सून आणि मोठा नातू मदतीला आले. दर शंभर पावलांवर माझेच वाक्य माझ्याकडे बघत होते. उतरा! उतरा! उतरा! त्या निळ्या पिशवीलाही शेवटी मी गाठले. झुडपाला अडकून तीच थांबली होती, म्हणून.

तीन तासांनी ट्रॅक्टर आला. चालवत होती जशीबेन. चाळिशीची, मिठाने पांढरट झालेले पाय, डोक्याला घट्ट ओढणी. गेल्या वर्षी मी मिठागर कामगारांवर सहा पानांचे पत्रक काढले होते. मथळा होता, ‘जागे व्हा!’ जशीबेन पहाटे चारपासून जागी होती. तिने आमच्या तिन्ही गाड्या एका नजरेत बघितल्या, पाटी बघितली, मला विचारले, “तमे लख्युं?” (तुम्हीच लिहिलं?) आणि ट्रॅक्टरचे स्टिअरिंग धरून इतकी हसली, इतकी हसली, की तिला आधी चहा द्यावा लागला.

सुरतची गाडी निघाली. काकांची निघाली. काकांचा बूटही निघाला. आमची शेवटी राहिली. मंदारने काकींना हलकेच उठवले. “काकी, गाडी ओढायची आहे, उतरता का?”

“नहीं,” काकी डोळे न उघडता म्हणाल्या. “मी आतच बरी आहे. ओढो.”

जशीबेनने मागून दोर बांधला. ट्रॅक्टर गुरगुरला. दोर ताणला. आणि फाडकन असा आवाज झाला की माझ्या काळजाचे पिठले झाले. मंदारने डोळे मिटून घेतले. गाडी चिखलातून बाहेर आली होती, पण मागचे काहीतरी तुटून पडले होते.

“काय तुटलं?” अरविंदकाका धावत आले. एक स्क्रू, त्यांनी म्हटले होते. एक!

मंदार खाली वाकला. मागून, खालून, सगळीकडून बघितले. मग सरळ झाला आणि दिवसभरात पहिल्यांदा त्याच्या ओठाचा कोपरा हलला.

“काही नाही काका. फक्त घोषणा.”

प्लायवुडची पाटी, माझ्या हाताने बसवलेली, दोन तुकडे होऊन चिखलात पडली होती. बाकी गाडीचा एकही स्क्रू हलला नव्हता.

खिडकीतून काकींचे डोके बाहेर आले. केस विस्कटलेले, चेहरा ताजा. “अरविंद, ही गाडी आपल्याला पाहिजे. अशीच. डब्यांना लोहचुंबक पण अशीच.”

“पण मंजू, ही रुतते!”

“ती रुतली तर मी आत झोपेन. तुम्ही बाहेर उभे राहून विचार करा.”

काकांनी दीर्घ श्वास घेतला आणि मंदारचा हात हातात घेतला. “बनव. पण एक अट आहे.” त्यांनी माझ्याकडे बघितले. “गाडीवर काही लिहायचं नाही. माझा नंबर सोडून एक अक्षर नाही!”

“मान्य!” मी ओरडले. आणि मंदारने माझ्याकडे असे बघितले की चिंकारे आणि जैसलमेर मला आपोआप विसरायला झाले. (तो सोमवारी बडोद्यात कामाला लागला. नोकरीचा राजीनामा मी लिहून देते म्हणाले होते. त्याने स्वतः लिहिला. दीड ओळ.)

पण माझी सुटका अजून झाली नव्हती. जीवणभाई वेचलेल्या पत्रकांचा गठ्ठा हातात घेऊन उभे होते. मला वाटले, आता दंड. ते मात्र माझ्याकडे वेगळ्याच नजरेने बघत होते. जवळजवळ आदराने!

“बेन,” ते गुजरातीत म्हणाले, “मी पंधरा वर्षं लोकांना सांगतोय, काठावर थांबा, उतरू नका. कुणी ऐकत नाही. तुमचं एका सकाळीत तीन गाड्यांनी ऐकलं. मला एक पाटी लिहून द्या.”

त्यांनी चौकीवरून मागवलेली पत्र्याची कोरी पाटी, रंगाचा डबा आणि ब्रश पुढे केला. असा मान मला कुणी दिला नव्हता! मी काठावर मांडी घालून बसले आणि मनापासून लिहायला घेतले. ‘रणप्रेमी बंधुभगिनींनो!’ इथून सुरुवात. मग जमिनीचे स्वरूप, घुडखरांचे हक्क, मिठागर कामगारांच्या वेळेची किंमत, आणि समारोपाला एक आवाहन. जीवणभाईंनी उभ्याने वाचले.

“गाडी पचासनी स्पीडे आवे छे, बेन. आटलुं वांचे त्यां सुधीमां तो अंदर!” म्हणजे, एवढे वाचून होईपर्यंत गाडी आत.

पुसले. चार ओळी केल्या. त्यांनी मान हलवली. दोन केल्या. मान हलली. एक केली. मंदार मागून म्हणाला, “एक शब्द.” सव्वा तास झाला होता. शेवटी मी ‘थोभो’ एवढेच लिहिले. म्हणजे थांबा.

“पुढे उद्गारचिन्ह देऊ?” मी विचारले.

जीवणभाईंनी मंदारकडे पाहिले. मंदारने थोडा विचार केला. “एक द्या तिला,” तो म्हणाला.

तर वाचकहो, माझी तुम्हाला एकच विनंती आहे. पाटडीच्या पुढे, रस्ता संपून ती पांढरी सपाट जमीन सुरू होते तिथे, पत्र्यावर हिरव्या अक्षरांत एक शब्द दिसेल. तो दिसला की गाडी थांबवा. समोरची जमीन कितीही कोरडी दिसली, पिशवी कितीही निळी असली, आणि शेजारी बसलेली बायको कितीही तत्त्वाची असली, तरी थांबा. इतकी वर्षे मी लिहिते आहे, पण लोकांनी माझे एकच वाक्य आजवर तंतोतंत पाळले, आणि नेमके तेच चुकीचे होते. हा एक शब्द बरोबर आहे, दोन माणसांनी तपासलेला आहे. तेवढा पाळा!